टिल्सनला टाळ्या नकोत

कॅल्डर फॉल्स, आयोवा
१२ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय आर्डिस,

तुझी प्रकृती, तुझा डावा गुडघा आणि तुझं टिल्सन-वेड ही तिन्ही आहेत तशीच असतील असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम. अंगणात बर्फ, घरात ओल्या मोज्यांचा वास. शाळेत मुलं लॅटिन धातू चालवतायत, म्हणजे मी चालवतो आणि ती बघतात.

तर प्रथेप्रमाणे सामन्याआधीचं पत्र. तू टिल्सन कॉलेजात होतीस आणि मी घरच्यांचं न ऐकता ब्रॅनॉकला प्रवेश घेतला, त्या हिवाळ्यापासून आपण बहीणभावांनी हा परिपाठ मोडलेला नाही. फोन करायचा तो कुणी गेलं तर. पत्र फक्त बास्केटबॉलसाठी. आणि पत्रात समोरच्या संघाची यथासांग निंदा करायची. ती आता करतो.

तुमच्या मुलींचा खेळ बघणं ही डोळ्यांना शिक्षा आहे. बास्केटकडे चेंडू टाकायला तीस सेकंदं मिळतात. तुमच्या मुली त्यांतली अठ्ठावीस नुसता चेंडू एकमेकींना देण्यात घालवतात, जणू तो गरम बटाटा आहे आणि कुणालाच भूक नाही. प्रेक्षक जांभया देतात, समोरचा संघ चिडतो, चिडला की फाऊल करतो, आणि मग तुमची ती कप्तान ब्रिन ओडेगार्ड रेषेवर उभी राहून दोन्ही फ्री थ्रो आत टाकते. ह्याला खेळ म्हणत नाहीत, आर्डिस. ह्याला वसुली म्हणतात.

आणि ह्याच वसुलीवर तुम्ही महिनाभर जिंकत आलात, तेही सात मुलींनिशी. बाकीच्या नाताळानंतर दुसऱ्या कॉलेजांत का गेल्या ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून त्यावर शाई दवडत नाही.

एक मात्र लिहितो, कारण तुझ्या तोंडावर मी हे कधीच म्हणणार नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे सामना होता तेव्हा आमची होल्टन, सव्वासहा फुटांची, मालगाडीसारखी बास्केटकडे निघाली. तुमची ब्रिन तिच्या खांद्याला लागते. ती जाऊन वाटेत उभी राहिली. हात छातीशी, पाय रोवलेले. सरकली नाही. धडक बसली, पाठीवर पडली, थेट फोटोग्राफरच्या पायांपर्यंत घसरत गेली. शिट्टी वाजली: फाऊल आमचा. ती उठली, आणि आधी काय केलं, तर त्याच धडकेत पडलेल्या होल्टनला हात देऊन उठवलं. सामना आम्ही जिंकला, ते सोड. मी टाळी वाजवली नाही. हातांना मात्र खाज सुटली होती.

आता शनिवारचं. आम्ही जिंकलो तर कॉलेजांच्या साखळीत आमचा पहिला नंबर आणि पुढची स्पर्धा आमच्याच मैदानावर. तुम्ही जिंकलात तर सहावे येऊन त्या स्पर्धेत शिरता. हरलात तर, असो.

आमच्या समर्थक क्लबने एक ठरवलंय, ते तुला आधीच कळवतो. टिल्सन मेमध्ये बंद होणार, म्हणजे तुमचा हा आमच्याकडचा शेवटचा सामना. तेव्हा तुमच्या मुलींची नावं पुकारताना आमची पोरं नेहमीसारखी 'तुम्ही कोण?' असं दाखवत तोंडापुढे पेपर धरून बसणार नाहीत. नावं ठेवणं, आरडाओरडा, सगळं बंद. त्याऐवजी अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवेल. प्रत्येक मुलीला कार्नेशनचं फूल. सामन्यानंतर राजम्याची गरम चिली आणि सिनॅमन रोल आहेतच, शिवाय केक. ड्वेन होविकने, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, केकची जबाबदारी घेतली आहे, त्यामुळे तो त्याच्याच हार्डवेअरच्या दुकानातून येणार नाही एवढी आशा करू या.

तू नेहमीच्या जागी, तुमच्या खेळाडूंच्या बाकामागे असशीलच. हातरुमाल आण.

तुझा विजयोत्सुक,
मर्ल


व्हाइट ओक, टिल्सनच्या जिमबाहेर, गाडीत
१५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय आर्डिस,

वरचा पत्ता वाचून दचकू नकोस. तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे, पण दार वाजवलेलं नाही. फोनच्या मशीनवरचा तुझा निरोप काल सकाळी ऐकला. "मर्ल, कार्नेशन प्रेतयात्रेला नेतात. आम्ही अजून गेलेलो नाही. मी शनिवारी येत नाही, आणि तोवर तूही तोंड दाखवू नकोस." आज्ञा शिरसावंद्य. तोंड दाखवत नाही, अक्षर दाखवतो.

आधी मला राग आला. माणूस फुलं घेऊन उभा राहतो आणि समोरचा त्याला तिरडीवाला ठरवतो! दिवसभर पोरांकडून अनियमित धातू पाठ करून घेतले. त्यांचा काही अपराध नव्हता. पण तू येणार नाहीस हे काही केल्या गळी उतरेना. तुमच्या बाकामागे तू नाहीस असा सामना मी आजवर पाहिलेला नाही. ज्या पंचाने एकदा मध्यंतरात तुझ्याकडे येऊन "बाई, आता माझी बायकोसुद्धा एवढं बोलत नाही" म्हटलं होतं, तो माणूस निवृत्त झाला तरी तुझी विचारपूस करतो.

म्हणून संध्याकाळी क्लबच्या बैठकीला गेलो आणि विषय काढला.

"ड्वेन, ते टाळ्यांचं रद्द करू या."

"का? तुझीच तर कल्पना!"

हो, माझीच. सोमवारी 'क्लबने ठरवलंय' असं लिहिलं ते व्याकरणदृष्ट्या खरं होतं, एवढंच.

"माझ्या बहिणीला आवडली नाही."

"तुझ्या बहिणीला आपलं काय आवडलंय आजवर? माझ्याकडून नेलेलं बर्फाचं फावडं तिने तीन हिवाळे वापरून परत केलं. म्हणे, वाकतं."

"ती येत नाही म्हणते."

"मग न येऊ दे. लोकांना चांगुलपणा करायचाय, मर्ल, तो मी कसा थांबवू? आणि केकवर नाव घालून झालंय. 'गुडबाय टिल्सन'. त्यांच्याच हिरव्या रंगाच्या आयसिंगमध्ये."

ठराव एका मतावर आपटला, म्हणजे बाजूने माझं एकच मत होतं.

आज शाळा सुटल्यावर गाडी काढली आणि इथे आलो. म्हटलं, ज्यांना टाळ्या वाजवायच्या त्यांना तर विचारू. वरच्या बाकांवर कोपऱ्यात बसलो. जिमचे अर्धे दिवे बंद, आणि त्या उरलेल्या उजेडात तुमच्या सात मुली. सातांत पाच विरुद्ध पाच होत नाहीत, म्हणून उरलेल्या दोघींच्या बाजूने तुमची प्रशिक्षक, तिचा नवरा आणि तुमचे पाद्रीबाबा, स्वेटपँट घालून. पाद्रीबाबा कोपराने ढकलतात, आर्डिस. मी डोळ्यांनी पाहिलं. आणि तिसऱ्यांदा ढकलल्यावर तुमच्या त्या बोटाला पट्टी बांधलेल्या बारीक चणीच्या मुलीने त्यांना असं काही अडवलं की ते बसकण मारून हसत राहिले.

थकलेला संघ कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. हा तसा दिसत नव्हता. कमी माणसं आहेत म्हणून कुणी धावणं वाचवत नव्हतं. उलट प्रत्येक मुलगी दीड माणसाचं धावत होती. चेंडू एकमेकींना देण्याचा तो प्रकार, ज्याची मी सोमवारी टर उडवली, तो जवळून बघितला तर वेगळाच आहे. चेंडू हातात यायच्या आधीच पुढची मुलगी जागेवर पोचलेली असते. कुणी कुणाला हाक मारत नाही. सवयीने अंधारात जिना उतरावा तसं.

सराव संपल्यावर ब्रिन घोट्याची टेप सोडवत बसली होती. मी खाली गेलो. तिने वर बघितलं.

"तुम्ही मिस आर्डिसचे भाऊ ना? ब्रॅनॉकचे? ओरडणारे?"

"मी ओरडत नाही. स्पष्ट बोलतो."

"गेल्या वर्षी तुमच्या पोरांनी शोधून काढलं होतं, मी गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास झाले ते. मी फ्री थ्रोला उभी राहिले की सगळे मिळून हॉर्न वाजवल्यासारखे ओरडायचे."

"त्याबद्दल खरं तर आम्ही..."

"छे हो, झकास होतं! आईने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. यंदा काय शोधलंय?"

मी बुटांकडे बघितलं. "यंदा काही नाही. यंदा तुमची नावं पुकारली की आम्ही उभं राहून टाळ्या वाजवणार आहोत."

तिने टेपचा गोळा बाजूला ठेवला.

"का?"

मी दुसऱ्यांना शिकवून पोट भरतो. माझ्याकडे शब्दांचा तुटवडा नसतो. तिथे एकही मिळेना. शेवटी म्हटलं, "आदर म्हणून."

"आदर असेल तर हॉर्न वाजवा की! निरोप जाणाऱ्याला देतात. आम्ही पुढच्या आठवड्यातही खेळणार आहोत, सर. तुम्हाला हरवून."

मागे उभ्या असलेल्या बाकीच्या सहाजणी ऐकत होत्या. एकही हसली नाही.

मी तिथूनच ड्वेनला फोन लावला आणि दोन वाक्यांत माझा पराभव झाल्यावर फोन तिच्या हातात दिला.

"होविकसाहेब, मी ब्रिन ओडेगार्ड, टिल्सनची. हो, तीच. फुलं नकोत हं. केक ठेवा, जिंकल्यावर आम्ही खाऊ, फक्त वरचं नाव खरवडून टाका... नाही, वाईट कशाला वाटेल? वाईट तुम्ही पेपर वर केले नाहीत तर वाटेल. आम्ही लहान मुली आहोत का?" मग फोनवर हात ठेवून मला, "म्हणतायत, आता पेपरचे गठ्ठे कुठून आणू."

"साप्ताहिकाच्या ऑफिसात न खपलेले पडलेत म्हणावं. आमच्या गावात त्यांचा तेवढाच खप आहे."

तिने सांगितलं, ऐकलं, आणि खो-खो हसत सुटली. "विचारतायत, मी अजून नापासच आहे का. पास झाले, होविकसाहेब! पण परवा पार्किंगमध्ये पाद्रीबाबांची गाडी ठोकली. ते घ्या तुम्ही. पोरांना सांगा, गाडी निळी होती."

तर शनिवारी टाळ्या नाहीत. पेपर आहेत, हॉर्न आहेत, आणि तुझ्या कप्तानाने स्वतः पुरवलेली निळ्या गाडीची हकिकत आहे. ड्वेनला अजून वाटतं, लोक आपल्याला दुष्ट म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत.

निघताना ब्रिन म्हणाली, "मिस आर्डिस म्हणतात, मी सँडविच बसमध्ये पाठवते, मी काही येत नाही. सर, सँडविच तर हवीतच. पण मागून त्या ओरडल्या नाहीत तर मला कळत नाही कुठे उभं राहायचं." मग जरा घाईने, "म्हणजे कळतं. पण."

ती जिममधून बाहेर आली की हे पत्र तिच्याच हाती देतो. जेवायला ती तुझ्या खानावळीत येईलच. हॅमचा तुकडा जरा मोठा वाढ.

आता सोमवारच्या पत्रात 'असो' लिहून पुढे सरकलो होतो, ते. शनिवारी आम्ही जिंकलो तर टिल्सनचा बास्केटबॉल आमच्याच लाकडी फरशीवर संपतो. पुढे सामना नाही, पुढचं वर्ष नाही. आणि आर्डिस, मला जिंकायचं आहे. ती टाळ्यांची कल्पना मला सुचली ती ह्याचमुळे. आधी भरपूर टाळ्या वाजवून घ्यायच्या म्हणजे नंतर जिंकताना मनाला टोचणार नाही. त्या पोरीने 'का' विचारलं तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, कारण खरं उत्तर हे होतं. तुला ते पत्र वाचताक्षणीच कळलं असणार. तुला माझं नेहमीच आधी कळतं.

म्हणून आता असं करणार आहे: पूर्ण घसा लावून ब्रॅनॉकसाठी ओरडणार. तुमच्या मुली फ्री थ्रोला उभ्या राहिल्या की हात हलवणार, पाय आपटणार, काय म्हणशील ते. ब्रिन पुन्हा आमच्या होल्टनच्या वाटेत उभी राहिली तर पंचाला आंधळा म्हणणार. आणि तुम्ही जिंकलात तर पुढच्या आठवड्यात मी हिरवा स्वेटर कुणाकडून तरी उसना घेऊन तुमच्या बाजूला बसेन, हे मात्र मैदानात कुणाला सांगू नकोस.

आणखी एक लिहायचं आहे आणि ते बास्केटबॉलबद्दल नाही. आईला शेवटचं पोचवून परत येताना गाडीत आपण दोघंच होतो, आठवतं? सगळा रस्ता तुमच्या झोन बचावावर, आपापली जागा राखण्याच्या त्या पद्धतीवर, बोललो. तू म्हणालीस, डावा कोपरा उघडा राहतो. मी म्हणालो, कायमच राहतो. घर आलं तेव्हा तू म्हणालीस, "बरं वाटलं, मर्ल." मलाही वाटलं होतं. मी तेव्हा बोललो नाही. टिल्सन नसेल त्या फेब्रुवारीत तुझ्याशी काय बोलायचं, ते मला येत नाही. शिकावं लागेल, आणि ह्या वयात नवी भाषा किती अवघड जाते ते मी रोज वर्गात बघतो.

ते पुढचं पुढे. शनिवारी ये. तुमच्या बाकामागे बस आणि ब्रिनला सांग कुठे उभं राहायचं. मी समोरच्या बाजूला, पेपरामागे असेन. मला शिव्या घाल. सगळ्या मैदानातून तुझा आवाज मला वेगळा ऐकू येतो.

शनिवारी शेवटची शिट्टी वाजेपर्यंत तुझा शत्रू,
आणि त्यानंतर, तुला चालणार असेल तर, नुसताच तुझा भाऊ,
मर्ल