तिच्या नावाचे फोन

ताई,

तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. वसुलीवाल्या वकिलांचा हिच्या कर्जासाठी पुन्हा फोन आला, तर काहीही कबूल करू नकोस. "जे काही असेल ते लेखी पाठवा," एवढंच सांग. मी कुठेच सही केलेली नाही, तेव्हा ते माझ्याकडे मागू शकत नाहीत, असं मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या.

खरं तर हे कधीच मिटलं असतं. पण ते दर सोमवारी "मॅडम आहेत का?" असं विचारायचे आणि मी "बाहेर गेल्यात" म्हणायचो. ती गेली, हे माझ्याच्यानं म्हणवेना.

आज त्यांना मृत्यूचा दाखला द्यायला चाललोय. आता तिला विचारणारं कुणी उरणार नाही. जमलं तर अजून चार दिवस राहा.

धाकटा