गजाननाचा बर्थ आणि माझी कावीळ

फरीदाबाद,
रविवार, सकाळचे साडेनऊ

ती. शशिकांतराव यांना दिनकरचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि साताऱ्याची हवा वहिनींना मानवली का? इकडे आम्ही दोघं ठीक. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर बोललेलं पुढे कोण कसं सांगेल याचा भरवसा नाही. हे मी स्वानुभवावरून म्हणतो.

आपल्या मंडळाची स्मरणिका निघते आहे. संपादक अपूर्वा (कल्पनाताईंची मुलगी, गुरुग्रामला नोकरी, 'मखर' म्हणजे काय ते मोबाइलमध्ये बघते) मला म्हणाली, "काका, पहिल्या गणपतीचं तुम्हीच लिहा. तुमची मेमरी म्हणजे बिल्कुल रेकॉर्ड!" दहावीनंतर कुणाच्याही शिकवणीशिवाय डाय डिझाइन शिकलेल्या माणसाला एवढं पुरतं. मी अकरा पानं लिहून दिली. १९९८ साली पुण्याहून मूर्ती आणताना आपण तिच्यासाठी वेगळा बर्थ काढला होता, नाव गजानन, पुरुष, वय पंचावन्न. (पासष्ट लावून सवलत घ्या, असं कुणीतरी सुचवलं होतं, पण देवाच्या वयात खोटं नको, असं ठरलं.) मथुरेला तिकीट तपासनीस विचारतो, ये दूसरे सज्जन कहाँ हैं? मी म्हणतो, आपके सामने ही बैठे हैं, बस बोलते नहीं. तो टोपी काढतो, पाया पडतो आणि यादीत खूण करतो. हा प्रसंग मी सत्तावीस वर्षं दर उत्सवात स्टेजवरून सांगितला आहे. टोपी, खूण, सगळं डोळ्यांपुढे आहे.

तर लेखाला तारखेचा आधार हवा म्हणून मी माझी फाइल काढली. (मी कागद टाकत नाही, हे तुम्ही जाणताच.) त्यात माझंच वैद्यकीय प्रमाणपत्र: कावीळ, सक्त विश्रांती, १२ ते ३१ ऑगस्ट १९९८. गणपती पंचवीसला बसले. मी प्रमाणपत्र उजेडात धरलं, शिक्का तपासला, डॉक्टरांच्या सहीवर संशय घेऊन पाहिला. शेवटी अरुणाला विचारलं. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही पलंगावर होता. भावजी रोज संध्याकाळी येऊन तुम्हाला ते तपासनीसाचं सांगायचे. तुम्ही हसलात की वरणभात खायचात, म्हणून रोज सांगायचे."

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणे, भावजीच बोलत नव्हते, मी कोण?

शशिकांतराव, तुम्ही दरवर्षी पहिल्या रांगेत बसायचात. सगळ्यांच्या आधी हसायचात. एकदा मी आग्रा म्हणालो तेव्हा खालून 'मथुरा' असं सांगितलंतही. मला वाटायचं, माणसाला माझा किस्सा पाठ झाला आहे. आज ते आठवून मान खाली जाते. ती अकरा पानं परत मागवली आहेत. अंक तीन आठवड्यांनी छापायला जाणार. तुमची हकिकत तुमच्या अक्षरात पाठवा, तुमच्याच नावाने जाऊ दे.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
दिनकर

ता. क. मथुरेला खिडकीत चहावाला होता, तो मात्र मी घातलेला आहे. तुमच्या हकिकतीत घेऊ नये. घेतल्यास हरकत नाही.

ता. क. २. तुम्ही दोघं, म्हणजे तुम्ही आणि गजानन, एवढेच होता का? नीट आठवून बघा. दाराजवळ तिसरा कुणी उभा असल्याचं पुसटसं जरी आठवलं, तरी एका ओळीत तसं लिहावं. अरुणाला कळायचं कारण नाही.

ता. क. ३. भावजी, पत्र टाकायला मीच निघाले होते, म्हणून वाचलं. तिसरा कुणी आठवू नका, आणि काही लिहायचीही तसदी घेऊ नका. या पत्राची झेरॉक्स मी अपूर्वाला दिली. लेख म्हणून ती हेच छापते आहे, ता. क. २ सकट. यांना अजून सांगितलेलं नाही. — अरुणा