साहेबांच्या कानावर

१२ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नोकरीत रुळलो. वित्तशास्त्राच्या प्रवेशाचा अर्ज परत पाठवताना विद्यापीठाने स्पष्टच लिहिलं होतं: मार्क उत्तम, कामाचा अनुभव शून्य, वर्षभर काम करा आणि शेवटचा एकदा अर्ज करा. म्हणून यंदा पुस्तकं माळ्यावर टाकली आहेत. आमच्या कचेरीत कारखान्यांचे हिशेब तपासून कर्ज द्यावं की नाही ते सांगतात. साहेबांनी माझ्यापुढे अख्खी सूतगिरणी टाकली आणि म्हणाले, मत दे. उशिरापर्यंत बसतो, कधी जेवण राहतं, पण कामात इतका जीव कधी रमला नव्हता. आईला जेवणाचं सांगू नका. तुम्ही शिवलेल्या शर्टाचं इथे कौतुक झालं; शिंप्याचा मुलगा कॉलरवरून ओळखू येतो म्हणे.

आहे ती माया अशीच असू द्या.
आपला मुनीमजी

३ ऑक्टोबर

चि. मुनीमजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुला भेटून आलो खरा, पण जीव खालीवर झाला. शर्ट खांद्यावरून लोंबतोय, डोळे खोल गेलेत. आईला मी तू गुटगुटीत झालास असं ठोकून दिलंय, तेव्हा पत्रात तोंड सांभाळ. तू माझ्यासाठी चहा आणायला खाली गेलास, तेवढ्यात साहेबांशी चार शब्द झाले. देवमाणूस आहे. डावा खांदा उतरता, म्हणून त्यांना तयार जाकीट बसत नाही. टेप खिशात होतीच, तिथल्या तिथे माप घेतलं. जाकीट सोबत पाठवतोय, हातात नेऊन दे.

जिवाला जप, आम्हाला तू एकटाच आहेस.
बाबा

१८ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज नाकारला. वर्षभरात सांगण्यासारखं काम केलेलं नाही, असं कारण दिलंय. काळजी नको म्हणून आजवर लिहिलं नव्हतं, पण ऑक्टोबरपासून माझं काय चुकलं तेच कळत नाही. सूतगिरणी काढून शेजारच्याला दिली. मला फायलींवर नंबर घालायला बसवलं. पाच वाजले की साहेब स्वतः येऊन टेबलावरचा दिवा बंद करतात, पाठीवर हात ठेवून घरी जा म्हणतात. त्यांच्या अंगात तुम्ही शिवलेलं जाकीट असतं. मी काम मागितलं की हसतात. माझं गिरणीबद्दलचं मत चुकलं असणार आणि भिडेपोटी ते तोंडावर सांगत नसणार. बाबा, मला स्वतःचीच लाज वाटते.

रागावू नका, एवढीच विनंती.
आपला मुनीमजी

२६ एप्रिल

चि. मुनीमजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून दोघांच्याही घशाखाली घास उतरला नाही. पण मनात किंतु ठेवू नकोस, तुझं काहीही चुकलेलं नाही. साहेबांच्या कानावर मीच घातलं होतं, की पोराला अभ्यास करायचाय, हलकं काम द्या आणि पाचला सोडत जा. ते जाकिटाचे पैसे विचारत होते; म्हटलं, पैसे नकोत, एवढं करा. शब्द पाळला बघ माणसाने. नाहीतर तेवढाही अभ्यास झाला नसता. तरी कमी पडला, त्याला कोण काय करणार. पुढच्या महिन्यात येतो. साहेबांसाठी कोट बेतायला घेतलाय.

धीर सोडू नकोस.
बाबा

४ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमचंच बरोबर, अभ्यासच कमी पडला. मागच्या पत्रात मी डोकं फिरल्यासारखं काहीबाही लिहिलं, ते फाडून टाका. आता पुन्हा अर्ज करता येत नाही, तेव्हा तो विषय संपला. साहेबांनी मला कायम केलंय, फायलींवरच. पाचला सुटतो, वेळेवर जेवतो. शर्ट खांद्यावर नीट बसायला लागलाय. आईला दिलेली थाप खरी झाली.

बाबा पुन्हा कधी येणार, असं साहेब विचारत होते. बाबांना आता प्रवास झेपत नाही, असं मी सांगितलंय. कोट राहू द्या.

माझा तुमच्यावर राग नाही. लोभ असू द्यावा.
आपला मुनीमजी