दोन सीटच्या गाडीची ऑर्डर

मी, नंदकिशोर दत्तात्रय प्रधान, वय वर्षे ७१, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार गोरेगाव पश्चिम, मुंबई, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंवरून कोणी कोणाशी भांडू नये म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉ. सुलक्षणा वैद्य यांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल मात्र त्या असा दाखला देत नाहीत. येत्या बुधवारी ऑपरेशन आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरे कोणी राहतही नाही.

१. जानेवारी २०२४ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. ते रागाच्या भरात केले होते आणि त्यात माझा मुलगा शौनक याला काही देऊ नये असे लिहिले होते. ते मी रद्द करतो. कपाटातल्या निळ्या फायलीत ते सापडेल. वाचत बसू नये, फाडून टाकावे.

२. राहता फ्लॅट आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते शौनक आणि माझी मुलगी गंधाली यांनी निम्मे निम्मे घ्यावे. माझी पत्नी कै. उत्तरा हिचे दागिने सगळे गंधालीचे. ती बोरिवलीहून दर रविवारी डबा घेऊन येते आणि डब्याबरोबर एक प्रश्नही आणते, "बाबा, दादाला फोन केलात का?" डबा मी ठेवून घेतो.

३. दहिसर चेकनाक्याजवळच्या माझ्या गॅरेजच्या जागेवर टॉवर उभा राहिला, तेव्हा बदल्यात तळमजल्याचा गाळा मिळाला. तो शौनकला. अट एकच, तीस वर्षे माझ्याबरोबर राबलेला अंबादास याला तिथून कोणी उठवू नये. हत्यारे सगळी अंबादासची. त्यातला लांब दांडीचा स्क्रू-ड्रायव्हर वेगळा ठेवावा. त्याचे टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून मी चाळीस वर्षे गाड्यांची दुखणी ओळखली. आता निम्म्या गाड्यांत ऐकण्यासारखे काही उरलेले नाही, तरी असू द्यावा.

शौनक विजेच्या गाड्यांची चार्जिंग स्टेशने बसवणाऱ्या कंपनीत आहे. गाळ्यात दोन पॉइंट बसवू या म्हणून त्याने एकदा नकाशा काढून आणला होता. मी त्या कागदावर जुना ऑइल फिल्टर ठेवला. तो कागद अंबादासने जपून ठेवला आहे. त्यावरचे डाग माझे आहेत, नकाशा चांगला आहे.

४. माझा धाकटा भाऊ श्यामकांत याने २००९ साली माझा हायड्रॉलिक जॅक दोन दिवसांसाठी नेला. तो जॅक मी त्याला देतो. आता तरी त्याने तो आपलाच समजून वापरावा.

५. आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ते.

अंधेरीच्या एका शोरूममध्ये माझ्या नावे दोन सीटच्या लाल गाडीची ऑर्डर आहे. बुकिंग गुढीपाडवा, २०२२. कंपनीचे नाव लिहीत नाही, त्यांची यात काही चूक नाही. गाडी अजून आलेली नाही, आणि जी मागितली होती ती आता येणारही नाही.

या वयात असली गाडी कशाला, हे सोसायटीत सगळ्यांनी विचारून झाले आहे. १९८६ साली गोरेगावच्या एका स्टुडिओतली परदेशी दोन सीटची गाडी माझ्याकडे दुरुस्तीला होती. शूटिंग मढच्या बंगल्यात होते, गाडी तिथे पोचवायची होती. लग्नाला दोन महिने झाले होते. मी उत्तराला शेजारी बसवले. अक्साचा किनारा मागे पडेपर्यंत ती बाहेर बघत होती. मढला किल्ली त्यांच्या माणसाच्या हातात दिली आणि आम्ही बसने परत निघालो, तेव्हा ती म्हणाली, "इतक्या लवकर कशाला पोचवलीत?" पुढे पस्तीस वर्षे ती अधूनमधून विचारायची, "मग, आपली कधी?" मला वाटायचे, आहे वेळ. टॉवर झाला, हातात काही आले, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती गेली.

दहाव्याला कावळा शिवेना. सगळ्यांनी सगळे सांगून पाहिले. गंधालीचे सांगून झाले, माझे सांगून झाले. शेवटी शौनक हात जोडून म्हणाला, "आई, बाबांची ती गाडी मी आणायला लावीन." कावळा शिवला. पाडव्याला आम्ही बापलेकांनी जाऊन बुकिंग केले.

दीड वर्षाने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, शोरूमचा मेल आला. तो शौनककडे आला, कारण मेलचा पत्ता मी त्याचाच दिला होता. पेट्रोलच्या शेवटच्या गाड्यांपैकी एक तुमच्या वाट्याला आली आहे, पुढच्या शुक्रवारपर्यंत सही करा, यापुढे हे मॉडेल फक्त विजेवर येईल. शौनकने लगेच फोन केला. "बाबा, आजच सही करा."

मी म्हणालो, "अरे, पितृपक्ष चाललाय. उद्या अविधवा नवमी, तुझ्या आईचं श्राद्ध. या दिवसांत कोणी रुमाल तरी विकत घेतं का? घटस्थापनेला करू."

"घटस्थापना रविवारी आहे, मुदत शुक्रवारी संपतेय. आईसाठीच घेतोय ना आपण?"

"दीड वर्ष आपण थांबलो, दोन दिवस थांबायला त्यांना काय होतंय?"

गुरुवारी त्याने पुन्हा फोन केला. तो शोरूममध्ये जायला निघाला होता, मी फक्त हो म्हणायचे होते. मी नाही म्हणालो. रविवारी नारळ घेऊन मी एकटाच अंधेरीला गेलो. काउंटरवरची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, शुक्रवारीच बंद झालं. इलेक्ट्रिक येईल, ऑर्डर नंबर तोच राहील." नारळ परत आणला. तो अजून देव्हाऱ्याखाली आहे, हलवला की खुळखुळतो.

त्या भाऊबीजेला घरात पंधरा माणसे होती. श्यामकांतने सगळ्यांसमोर विचारले, "नंदूदादा, गाडीचं काय झालं रे?" मला खरे सांगायची लाज वाटली. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर दिल्या, आणि बायकोची गाडी पंचांग बघत घालवली हे कसे सांगणार? मी शौनककडे बोट दाखवले. "ह्याला विचार. मेल ह्याच्याकडे आला, ह्याने दाबून ठेवला. ह्याचा धंदाच विजेचा. आईला दिलेला शब्दसुद्धा राखला नाही ह्याने."

तो मेल त्याच्या खिशातल्या फोनमध्ये होता. दाखवला असता तर मी तोंडघशी पडलो असतो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि फोन काढला नाही. बहिणीला विचारले, "ओवाळून झालं ना गं? निघतो मी." ताटातली करंजी तशीच राहिली. त्या दिवसापासून तो मुलुंडहून इथे आलेला नाही. गंधाली भाऊबीजेला तिकडे जाते. मी दोन वर्षांत तीनदा फोन लावला आणि रिंग जायच्या आत कापला.

म्हणून पूर्ण शुद्धीवर लिहून देतो की मेल शौनकने दाबला नाही. त्याने त्याच दिवशी सांगितले आणि दोनदा सांगितले. नाही म्हणणारा मी. उत्तराला दिलेला शब्द मोडला असेल तर तो मी मोडला. एवढा परिच्छेद श्यामकांतला मोठ्याने वाचून दाखवावा.

ती ऑर्डर मी शौनकला देतो. विजेची गाडीही लांबत चालली आहे, आता पुढच्या वर्षाअखेरीस म्हणतात. हवी तर घ्यावी, नको तर रद्द करावी, पण शब्द पाळायचा म्हणून घेऊ नये. तिला आवाज नसतो म्हणून मी फार नावे ठेवली. खरे तर त्या ८६ सालच्या गाडीचा आवाज मला आठवतही नाही. उत्तराच्या बांगड्या दारावर वाजत होत्या, तेवढे आठवते. घेतलीच तर एकदा मढपर्यंत न्यावी. लवकर पोचवू नये.

६. व्यवस्था गंधालीने पाहावी. माझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही तर कोणी कसलाही शब्द देऊ नये. थोडा वेळ वाट बघावी, दर्भाचा कावळा करावा आणि घरी जाऊन जेवावे.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचे असते हे मला ठाऊक आहे. कलम ५ पुरते मला ते मान्य नाही. त्याची प्रत मी वेगळी लिहून काढली आहे आणि ती घेऊन अंबादास आता मुलुंडला निघतो आहे. तो दारातच उभा आहे. साक्ष त्याचीच घेणार होतो, पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष करायची नसते म्हणतात. म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर नाबर यांना बोलावले. कागद हातात घेऊन ते म्हणाले, "नंदूकाका, आज सर्वपित्री. उद्या घटस्थापना आहे, उद्या सकाळी करू ना झकास. ऑपरेशन तर बुधवारी आहे." मी त्यांच्या हातात पेन दिले.

लिहून देणार: नंदकिशोर दत्तात्रय प्रधान (सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. डॉ. सुलक्षणा वैद्य (सही)
२. श्यामसुंदर नाबर, सेक्रेटरी (सही)

ठिकाण: गोरेगाव
दिनांक: २१ सप्टेंबर २०२५, सर्वपित्री अमावास्या
मुहूर्त: पाहिला नाही