हिरवं बटण

शनिवार, १४ जून

कर्वेनगरच्या ज्येष्ठ नागरिकांसमोर आज आमच्या ॲपची चाचणी झाली. गोळीची वेळ झाली की फोन वाजतो. गोळी घेऊन हिरवं बटण दाबायचं, की घरच्यांना कळतं.

एका आजोबांनी विचारलं, "अहो, गोळी न घेताच बटण दाबलं तर?"

माझा भागीदार निखिल हसला. "काका, असं कोण करेल? हिचे बाबा आमचे पहिले युजर. शेवटपर्यंत एक दिवस चुकले नाहीत."

बाबा गेल्यावर त्यांच्या उशीच्या अभ्र्यात महिनाभराच्या गोळ्या सापडल्या. हे फक्त निखिलला सांगितलं होतं. बटण मात्र ते रोज दाबायचे. मुलीचं ॲप चालावं म्हणून? आणि मी ऑफिसात फोन बघून निश्चिंत.

बाहेर आल्यावर म्हटलं, "बाबांचं नाव परत घेऊ नकोस."

"अगं, खोटं काय बोललो? बटण दाबलंच होतं ना?"

एक ठेवून द्यावीशी वाटली. रिक्षा केली आणि घरी आले.

रात्री आठला कपाटावरचा बाबांचा फोन वाजला, त्यांच्या गोळीची वेळ. पडद्यावर तेवढंच हिरवं बटण. 'नाही घेतली' म्हणायची सोय मी ठेवलीच नव्हती.

दाबलं नाही. फोन वाजत होता, मी एकटीपुरता कुकर लावला.