गोठवलेलं दही आणि दुपारचं हँडल

३ मे १९७४, सकाळ
आजपासून नवीन आयुष्य. भज्यांच्या कागदावर वाचलं : अमेरिकेत दही गोठवून खातात. आईस्क्रीमपेक्षा पौष्टिक, फॅट कमी. पुढचं तेलात गेलं होतं, पण मुद्दा कळला.

अण्णा गेल्यापासून आई जेवत नाही. चिमणीएवढा तुकडा मोडते आणि ताट सारते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पावसाळा निघायचा नाही. अण्णांचा आईस्क्रीमचा पॉट आतल्या खोलीत पडून आहेच. दही गोठवायचं, आईला खाऊ घालायचं, मग नवी पेठेत गाडा. अण्णांनी जन्मभर आईस्क्रीम विकलं. पोषणाचं ज्ञान नव्हतं बिचाऱ्यांना.

४ मे
चक्का बांधायला फडकं मिळेना. खुंटीवरचं अण्णांचं धोतर घेतलं, धुतलेलंच होतं. दही बांधून त्याच खुंटीला टांगलं. दिवेलागणीला आई आत गेली आणि किंचाळली. म्हणाली, आरं, हुबं राहिल्यात की तितं! मी समजावलं, पाणी निथळतंय. मग मलाच तिकडे बघवेना. दही उद्या उतरवीन. जास्त आंबलं तर जास्त पौष्टिक.

५ मे
बर्फ आणायला गेलो. घेऊन निघालो तर ओळखीचा ड्रायव्हर रुद्रप्पा ट्रक घेऊन मोहोळला चाललेला. बसलो. ट्रकमध्ये विचार चांगले येतात. परत आलो तेव्हा गोणपाटात नुसती ओल.

७ मे
पॉट फिरवला! हाताला गोळे आले, मधेमधे टेकलो. शेजारचे शिवलिंगप्पा दूधवाले चव बघायला आले. विचारलं, साखर किती टाकलास? म्हटलं, आंबटपणा मरेपर्यंत. म्हणाले, मग बापाच्या आईस्क्रीमच्या डबल झाली की रे! मी म्हटलं, दह्यात जिवंत जंतू असतात. म्हणाले, बर्फात काय स्वेटर घालून बसतात व्हय ते? उत्तर उद्या देईन.

आईनं चमचा ओठाला लावला आणि ठेवला. खारट हाय, म्हणाली. डबा गळतोय बहुतेक, बाहेरच्या बर्फाचं मीठ आत. असू दे. मीठही अंगाला लागतंच.

९ मे, दुपार
बर्फ घरी ठेवून नवी पेठेत गाड्याची जागा बघायला गेलो. दुकानातली घड्याळं बघत बसलो, जागा राहिली. परतलो तर टळटळीत ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. दाराशी आलो आणि आतून पॉटचं हँडल. करर्र, ठक. करर्र, ठक. अण्णांचीच लय. आई या वेळी झोपलेली असते.

घाबरलो नाही. आत जाणारच होतो, पण चपलेचा अंगठा तुटला. चांभाराकडे गेलो.

१० मे
आजही तोच आवाज. ओट्यावरूनच परत फिरलो. नंतर बघितलं तर बर्फ कमी, खडेमीठही कमी. भुतं मिठाला भितात म्हणे. अण्णांना सवय असेल.

रागावलेत. दह्यामुळे असावं. विजापूरचं कारण मला पटत नाही. अण्णा गेल्याची तार मिळाल्याबरोबर हुबळीहून निघालो होतो. वाटेत विजापूर लागलं म्हणून गोलघुमट बघून घेतला, एवढंच. वर जाऊन हाक मारली, ती परत परत येत राहिली. घरी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. गाड्यांचं टायमिंगच वाईट.

१२ मे
आज आत जायचंच. शिवलिंगप्पांना म्हटलं, मामा, सोबत चला. म्हणाले, तुझा बाप तुला खात न्हाय, आन् तुझं दही कोणच खात न्हाय. जा गप.

गेलो. आई होती. पॉट पुढ्यात घेऊन हँडल फिरवत. दूध शिवलिंगप्पांनी दिलेलं. वेलदोडा घातलेलं, अण्णांचं आईस्क्रीम. झाकण काढलं, आतल्या फिरत्या पात्याला लागलेलं बोटानं निपटून खाल्लं. म्हणाली, गाडा काढायच्या आधी पात्यावरचं पयलं मलाच द्यायचे. रोज. मग गिऱ्हाईक. मला माहीत नव्हतं, मी घरी कधी असायचो? मग तिनं भाकरी घेतली. अख्खी खाल्ली.

माझं दही कुठंय, विचारलं. शिवलिंगप्पांच्या म्हशीला घातलं म्हणे. दूध वाढतं का, नोंद ठेवायला हवी.

म्हटलं, पण चार दिवस मला भिववलंस की! म्हणाली, चार कुटले? मी परवापासनं फिरवतीय. आदल्या दिशी मलाबी आवाज आला. वाटलं, तूच हाईस. उठून बघितलं तर पॉटापाशी कोण न्हाय. म्हणून जाऊन बसले. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. हसली पण.

१३ मे, दुपार
आई जेवून झोपली आहे. मी हे शिवलिंगप्पांच्या ओट्यावर बसून लिहितोय. ऊन आहे, पण हवा चांगली खेळते इथे. घरात का जात न्हाईस, त्यांनी विचारलं. म्हटलं, पोषणाचा विचार करतोय.

आमच्या घरातून काहीतरी ऐकू येतंय. म्हैस असेल. दह्यानं ताकद आली आहे तिला.