बाबांच्या डब्यावरची रेघ

ता. ८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद. ते आधीच लिहिते, कारण पुढे राहून जातील. आम्ही सगळे बरे आहोत.

बागेची चौकशी करायची तर बागेच्या मालकिणीकडे करावी. पेट्या ठोकणाऱ्या सुताराला पत्र लिहून 'ताईच्या सफरचंदांना यंदा रंग आला का' असं विचारायचं, ही कुठली रीत? त्याने ते पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. तोडणीच्या बायका खाली माना घालून हसत होत्या. तीन वर्षं मला एक ओळ नाही आणि सुताराला दीड पान!

तर ऐक. रंग आला. असा आला की लांबून बघणाऱ्याला वाटावं, झाडांवर दिवे लावलेत.

शीतगृहाचा तो चष्मेवाला आठवतो ना, माल तपासणारा? दरवर्षी आपली पेटी उघडायचा आणि नाक मुरडायचा. "बाई, फळ मोठं आहे, पण हिरवं आणि मऊ. आत ठेवलं की महिन्यात डागाळतं." काल त्याने पहिली पेटी उघडली, दुसरी उघडली, मग सातवी तळापासून उपसली. फळ कापलं, अंगठ्याने दाबलं. मी म्हटलं, "काय हो, तळाशी काही हरवलंय का?" तर म्हणतो, "बाई, ही बाग तुमचीच ना?" सगळा माल आत गेला. एक पेटी परत नाही! हे तर घरी येईपर्यंत रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होते, जणू झाडांना यांनीच रंग दिला.

कसं जमलं म्हणून लोक विचारतात. मी सांगते, अनुभव. तुलाही तेच सांगणार होते. पण तू पुन्हा सुताराला विचारशील आणि तो काहीबाही कळवेल, त्यापेक्षा मीच लिहिते.

तू गेलास त्यानंतर बारा दिवसांनी तुझ्या नावाचं पाकीट आलं. जाण्याआधी बागभर फिरून पानं तोडून तपासायला पाठवली होतीस, त्याचं. मी ते न फोडता खताच्या खोलीत फळीवर टाकलं आणि वर बाबांचा खत मोजायचा डबा ठेवला. वर्षभर तिथेच. एकदा डबा उचलला तर पाकीट बुडाला चिकटून आलं आणि फाटलं. फाटलंच आहे म्हणून वाचलं. मला वाचायला किती वेळ लागतो तुला ठाऊक आहे, दोन दुपारी गेल्या. 'नत्र : फार जास्त.' खाली लिहिलेलं, युरिया निम्मा करा, थोडाथोडा द्या, फळं बोराएवढी झाली की बंद.

तूही हेच बोंबलत होतास. बाबा झाडाला दोन डबे घालायचे ते जुनं खत, साखरेसारखं. ते मिळेनासं झालं, युरिया आला, आणि मी डबा तोच ठेवला. त्याच डब्यात आता नत्र दीडपटीच्या वर जातं, हे तू जमिनीवर काडीने गणित करून दाखवलंस. मी ते पायाने पुसलं.

मागच्या वर्षी, तू खोटा पडावास म्हणून, विहिरीकडच्या दोन ओळींना कागदात लिहिल्यासारखं घातलं. त्या पिवळ्या पडायची वाट बघत होते. फांद्या आखूड राहिल्या, पानं विरळ. म्हटलं, जिंकले! मग ऊन आतपर्यंत पोचलं आणि फळं लाल झाली. ती मी एकटीनेच तोडली, कोणी बघू नये म्हणून. यंदा खिळा घेऊन डब्यावर मधोमध रेघ मारली. सगळ्या बागेला त्या रेघेपर्यंतच. हे म्हणाले, "डब्याला काय झालं?" मी म्हटलं, "वय झालं."

आता तो दिवस. तू म्हणालास, डबा चुकतोय. मी म्हणाले, "बाबा गेले तेव्हा कुठे होतास? आता त्यांच्या डब्याला नावं ठेवतोस?" तू पिशवी उचललीस आणि निघालास.

बाबा चार दिवस तुझं नाव घेत होते. तुला मीच कळवू दिलं नाही. परीक्षा बुडेल, म्हटलं. इतकी वर्षं शिकतोय तो या बागेसाठीच ना. म्हणजे लांब ठेवलं मी, आणि बोल लावला तुला. यांनाही हे माहीत नाही. डब्याचं माप चुकलं ते एका हंगामात सुधारलं. याचं कसं करतात ते तुझ्या पुस्तकात असलं तर सांग.

फाटकाजवळचं झाड, तू लावलेलं, त्याची फळं मी तोडू दिलेली नाहीत. लगडलंय नुसतं. बायका जाता-येता टोमणे मारतात, "मालकीणबाई, हे काय प्रदर्शनाला ठेवलंय?" मारू देत. वीस तारखेनंतर फळ गळायला लागेल. ते तू तोडायचं आहेस.

येतोस की नाही, अठराच्या आत कळव. मला कळव, सुताराला नाही. त्याला सांगून ठेवलंय, तुझं पत्र आलं तर न फोडता माझ्या हातात द्यायचं, आणि मी ते डब्याखाली ठेवणार नाही.

चुकलेली, पण थोरलीच,
तुझी ताई